खाणीतली 'एन्व्हायर्नमेंट'ची नोकरी : भाचीने घ्यावी का?

वर्धाकाठ

राम राम मंडळी. वणी तालुक्यातला आहे. गाव सांगत नाही, पण गच्चीवर चढलं की ओबीचा, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडाचा, डोंगर दिसतो, एवढ्यावरून समजून घ्या.

लहान बहिणीची पोरगी यंदा एम.एस्सी. झाली, पर्यावरणशास्त्रात, चंद्रपूरला. दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक नागपूरची कन्सल्टन्सी, ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचे, रिपोर्ट करणारी. पगार कमी, फिरस्ती भरपूर. दुसरं जवळच्याच ओपनकास्टवर, म्हणजे उघड्या कोळसा खाणीवर, माती काढायचं काम घेतलेल्या आउटसोर्सिंगवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडे. पदाचं नाव 'एन्व्हायर्नमेंट एक्झिक्युटिव्ह', पगार बरा, घरून येणंजाणं.

आमचे जावई म्हणतात घराजवळची घे. बहीण म्हणते पोरगी खाणीत जाणार नाही म्हणजे नाही. अन् मला वेगळीच काळजी. धूळ आमच्या कपाशीवर बसणार आणि 'सर्व काही मर्यादेत' म्हणून सही आमचीच पोरगी मारणार, हे गावात ऐकून घ्यावं लागेल.

यात पुढे काही आहे का? एम.एस्सी.वाल्याला सरकारी कंपनीत घेतात का? मुलीला जमण्यासारखं आहे का? तिकडे काम केलेलं कोणी असेल तर स्पष्ट लिहा, गोड लिहू नका.

ओसीकर

वर्धाकाठ भाऊ, मी याच कामात आहे. कंपनीचं नाव विचारू नका, बाकी सगळं सांगतो.

खाणीत मॅनेजर, ओव्हरमन, सरदार, सर्व्हेअर यांच्याकडे डीजीएमएसचं, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, सर्टिफिकेट असतं. कायद्याने ती माणसं लागतातच, त्यांच्याशिवाय खाण चालू ठेवता येत नाही. पर्यावरणवाल्याकडे तसलं सर्टिफिकेट नसतं. त्याची खुर्ची येते ईसीच्या अटींमधून, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंजुरीतून. त्या पत्रात बहुतेक वेळा एक अट ठरलेली असते: योग्य शिक्षण असलेल्या लोकांचा वेगळा पर्यावरण कक्ष असावा आणि त्याच्या प्रमुखाने थेट संस्थेच्या प्रमुखाला रिपोर्ट करावा. शिवाय पर्यावरणाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा, दुसरीकडे वळवू नये.

आता प्रत्यक्षात बघा. तुमच्या भाचीला कॉन्ट्रॅक्टर नेमणार. कॉन्ट्रॅक्टरला पैसे मिळतात क्युबिक मीटरवर, जितकी माती उचलली तितके. अशा माणसाच्या हाताखाली धुळीचा हिशेब ठेवायचा. इंटरव्ह्यूत पगाराआधी विचारायला सांगा की मी रिपोर्ट कोणाला करणार आणि पाण्याचा टँकर मागवायचा अधिकार माझा की साइट इनचार्जचा. उत्तर ऐकूनच कळेल.

कामाचं विचाराल तर सकाळी हॉल रोडवर, म्हणजे डंपर-ट्रकच्या रस्त्यावर, चक्कर. टँकर फिरला का, कुठल्या वळणावर फुफाटा उडतो, ट्रकवर ताडपत्री बांधली का. मग संपचं, म्हणजे खाणीच्या तळाशी साठलेलं, पाणी. खाणीतून उपसलेलं पाणी सेटलिंग टँकमधून जाऊन नाल्यात सुटतं. बाहेर सोडताना गाळ, म्हणजे टीएसएस, लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच ५.५ ते ९ च्या मध्ये हवा. कोळसा खाणींसाठी हे मानक २००० सालापासून आहे. पंधरवड्याला हवेचे आणि पाण्याचे नमुने. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारीत आजूबाजूच्या विहिरी आणि पिझोमीटरची (भूजल मोजायच्या बोअरची) पातळी. डंपचा, म्हणजे ओबीच्या ढिगाचा, एकूण उतार २८ अंशांच्या वर गेला नाही ना, पायथ्याची टो वॉल (आधारभिंत) शाबूत आहे ना, गार्लंड ड्रेन (भोवतीची चर) पावसाआधी साफ झाली ना. पावसाळ्यात झाडं, हेक्टरी २५०० च्या हिशेबाने.

दुसरा अर्धा दिवस टेबलावर. १ जून आणि १ डिसेंबरला सहामाही अनुपालन अहवाल, ३० जूनला वापरलेल्या ऑइलसारख्या घातक कचऱ्याचं रिटर्न, ३० सप्टेंबरला फॉर्म पाच, म्हणजे वर्षाचं पर्यावरण विवरण. मध्ये मध्ये कन्सेंटची, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (बोर्डाच्या) संमतीची, कागदपत्रं, बोर्डाच्या नोटिसा, आरटीआयची उत्तरं.

अधिकार किती? डंपर थांबवायचा अधिकार मला नाही. मात्र मी लिहिलेलं रीडिंग फाइलीत राहतं आणि ती फाइल उद्या बोर्डात, हरित लवादात, विधानसभेच्या प्रश्नात कुठेही उघडू शकते. हे मॅनेजरलाही माहीत असतं. म्हणून ज्याचं मोजमाप पक्कं, त्याचं खाणीत ऐकतात. पुढची सगळी बढती यावरच आहे असं माझं मत.

एक गोष्ट मात्र प्रॉडक्शनवाले लगेच ऐकतात. ईसीत दिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त माल काढला तर काय होतं, हे सुप्रीम कोर्टाने २ ऑगस्ट २०१७ च्या कॉमन कॉज निकालात सांगून ठेवलं आहे. प्रकरण ओडिशाच्या लोह आणि मँगनीज खाणींचं होतं. मंजुरीबाहेर काढलेल्या मालाची शंभर टक्के किंमत वसूल करायची, असं कोर्ट म्हणालं. तेव्हापासून मार्च जवळ आला की टनांचा आकडा मला आधी दाखवतात.

कापूसकोंड्या

वर्धाकाठ भाऊ, मी पन तिकडचाच. ओसीकर भाऊनं चांगलं लिवलं, पन हे सारं फाइलीतलं हाये. इन्स्पेक्शनच्या दिवशी येऊन पाहा. पोळ्याले बैल सजवते तशी खाण सजवते हे लोकं. रस्त्यावर पानी, झाडाले गेरू, फाटकावर नवा बोर्ड. दुसऱ्या दिवशी तोच फुफाटा.

माह्या वावरात रस्त्याकडच्या तासांतला कापूस यापारी वेगळा काढाले लावते. काळा हाये म्हनते, भाव पाडते. त्याचं रीडिंग कोन घेते? ब्लास्टिंग झाली का भांडे वाजते. घराच्या भिती तडकल्या. विहीर पयले मे महिन्यापर्यंत चाले, आता संक्रांतीलेच तळ दिसते. तक्रार केली तं साहेब म्हनते सारं मर्यादेत हाये.

पोरगी शिकली, चांगली गोष्ट हाये. पन मंग तिनं आमच्याकडून बोलाव ना बाप्पा. पगार खानीचा अन् गाव आमचं, हे कसं जमंन?

ओसीकर

कापूसकोंड्या भाऊ, बैलाचं बरोबर बोललात. नाकारत नाही.

विहीर आणि ब्लास्टिंगचं मात्र सविस्तर सांगतो, तुमच्या कामी येईल.

वर्धा खोऱ्यात कोळसा आहे बराकर नावाच्या खडकाच्या थरांत. त्याच्या वर बऱ्याच भागात कामठीचा वालुकाश्म येतो आणि तो पाणी धरून ठेवणारा दगड आहे. ओपनकास्टला कोळशापर्यंत जायचं तर तो कापूनच जावं लागतं. मग त्याच्यातलं पाणी खड्ड्यात येतं, पंपाने बाहेर जातं, आणि त्याच थरावर जगणाऱ्या विहिरी खाली जातात. किती दूरपर्यंत, हे थराचा उतार, भेगा आणि खाणीची खोली यावर आहे. म्हणून पिझोमीटर लावायला सांगतात. तुमच्या गावच्या दिशेला पिझोमीटर आहे का, त्याची गेल्या पाच वर्षांची पातळी किती, एवढंच एका अर्जात मागा. 'पाणी गेलं' या तक्रारीला उत्तर देणं सोपं असतं, पाच वर्षांचे आकडे मागणाऱ्या अर्जाला अवघड.

ब्लास्टिंगची मर्यादा डीजीएमएसच्या १९९७ च्या परिपत्रकात आहे. गावातल्या साध्या घरासाठी जमिनीचा हादरा, वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्याच्या वर १५. मोजायचं यंत्र घराच्या पायाशी ठेवायचं असतं. ते तुमच्या गावात, तुमच्या माणसासमोर ठेवा अशी लेखी मागणी ग्रामपंचायतीने करावी. आणि मंजुरीच्या पत्राची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यायची अट असते, ती कपाटात शोधा. नाही सापडली तर परिवेश या केंद्राच्या मंजुऱ्यांच्या पोर्टलवर बघा. त्यातल्या अटी वाचल्या की अर्धी तक्रार आपोआप लिहून होते.

कापसाचं मात्र माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. हवेचं मानक माणसाच्या फुफ्फुसासाठी आहे, बोंडासाठी नाही. पीएम १०, म्हणजे हवेतली बारीक धूळ, शंभराच्या आत असूनही कापूस काळा होऊ शकतो. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा महसूल आणि कृषी खात्याकडून करून घ्यावा लागतो, तोही वेचणीच्या आधी.

धंतोलीची

मी नागपुरात ईआयएचंच काम करते, म्हणून कन्सल्टन्सीच्या बाजूने थोडं.

आधी एम.एस्सी.चा प्रश्न, कारण त्यात मुलं फसतात. कोल इंडियाच्या मॅनेजमेंट ट्रेनी भरतीत एन्व्हायर्नमेंट ही वेगळी शाखा असते. पण आजवरच्या जाहिरातींत पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी मागितलेली आहे. नाहीतर दुसऱ्या कुठल्या शाखेची इंजिनिअरिंगची पदवी आणि वर पर्यावरण अभियांत्रिकीतली पदव्युत्तर पदवी किंवा डिप्लोमा, ६० टक्क्यांनी. नुसत्या एम.एस्सी.ला ते दार बंद. तिथे ई-२ ग्रेडचं मूळ वेतन ५०,००० पासून सुरू होतं म्हणून सगळे तिकडेच बघतात, आणि बी.एस्सी.ला प्रवेश घेताना हे कोणी सांगत नाही. बारावीतली मुलं हा धागा वाचत असतील तर त्यांनी आत्ताच ठरवावं.

एम.एस्सी.वाल्यांना काय उरतं? बरंच उरतं. एमपीसीबीत (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळात) वैज्ञानिक अधिकाऱ्यांची पदं, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतली प्रकल्प सहायकाची मुदतीची कामं, मान्यताप्राप्त लॅब, खासगी खाणी, सिमेंट, वीज आणि कन्सल्टन्सी. नागपूरचा फायदा असा की नीरी इथे, डब्ल्यूसीएल (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं इथे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं (आयबीएम) मुख्यालय इथे, सीएमपीडीआय या कोल इंडियाच्या नियोजन कंपनीची एक प्रादेशिक संस्थाही इथे. भारतात खाण आणि पर्यावरण एकाच शहरात इतकं जवळ क्वचितच सापडेल.

ईआयए करणाऱ्या संस्थेला नॅबेट या अधिकृत मंडळाची मान्यता लागते. हवा, पाणी, भूजल, परिसंस्था, सामाजिक-आर्थिक, आवाज, भूवापर अशा प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ वेगळा आणि रिपोर्टात त्याचं नाव आणि सही. आधी सहायक, मग काही वर्षांच्या अनुभवावर तज्ज्ञ, पुढे ईआयए समन्वयक. एकदा नाव लागलं की तुम्हाला कंपनी शोधत येते. ही शिडी हळू चढते, पण आपली असते.

आणि फील्ड? पावसाळा सोडून एक ऋतू, खाणीभोवती दहा किलोमीटरचा परिसर. धुळीचं यंत्र ग्रामपंचायतीच्या, नाहीतर शाळेच्या गच्चीवर. चोवीस तास सलग चालायला हवं आणि रात्री दोनला लाइट जाते. मग जनरेटर, नाहीतर ते सॅम्पल बाद. फिल्टर पेपर आधी तोललेला, नंतर तोलायचा, मध्ये बोट लागलं तर गेला. घरोघरी प्रश्नावली भरताना लोक सरळ विचारतात, 'जमिनीचे किती देणार ते सांगा'. तिथेच मुलगी शिकते. पुस्तकात १० किलोमीटरचं वर्तुळ असतं, जागेवर त्यात अठ्ठावीस गावं आणि एक वाघिणीचा रस्ता असतो.

मुलीचं विचारलंत. २०१९ च्या जानेवारीत केंद्राच्या अधिसूचनेने महिलांना ओपनकास्टमध्ये रात्रपाळीची आणि भूमिगत खाणीत दिवसा तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामाची मुभा मिळाली. त्यात अट होती की लेखी संमती हवी आणि एकटीला नेमायचं नाही, किमान तिघींचा गट. कायद्याने दार उघडं आहे. माझा अनुभव विचाराल तर अडचण कायद्याची नसते, साइटवर स्वच्छतागृह कुठे आणि संध्याकाळी परतीची गाडी कोणाची, याची असते. हे दोन प्रश्न विचारायला अजिबात लाजू नये.

तुमसरवाला

सगळे कोळशावरच बोलून राहिले, आमच्या भंडाऱ्याकडेही बघा जी. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मँगनीजची ओपनकास्ट, चिखल्याला भूमिगत. कोळसा सोडून इतर खनिजांचा कारभार बराचसा आयबीएमकडे. २०१७ ची एमसीडीआर, म्हणजे खनिज संवर्धन आणि विकासाची नियमावली, खाणींना स्टार रेटिंग. पर्यावरण, खोदलेल्या जमिनीचं पुनर्भरण (भरून पुन्हा नीट करणं), गावासाठी केलेली कामं यावर तारे मिळतात. तारे कमी आले तर साहेबाला वर उत्तर द्यावं लागते, म्हणून हे काम करणाऱ्याला थोडी किंमत येते.

कोळशात आग आणि धूळ, इकडे मँगनीजची बारीक भुकटी. ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर मेंदू-मज्जासंस्थेला त्रास होतो. त्यामुळे पर्यावरण आणि कामगारांचं आरोग्य या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा करून ठेवला तर भाचीला वजन येईल.

झाडीपट्टी_एक्स्प्रेस

गडचिरोलीत भरती निघाली म्हणते, सुरजागडला. कोणाला माहिती?

तुमसरवाला

एटापल्लीचा तो लोहखनिजाचा पट्टा. त्याला वेगळा धागा काढा भाऊ, ग्रामसभा, वनहक्क, सगळंच येते त्यात. दोन ओळीत होणार नाही.

वर्धाकाठ

सगळ्यांचे आभार. भाचीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहितो: 'मामा, कॉलेजच्या सिनिअर म्हणतात की रीडिंग न घेताच आकडे भरायला लावतात. हे खरं असलं तर मग नोकरी कशाला?'

ओसीकर

होतं असं. सगळीकडे नाही, पण होतं. आणि बळी जातो तो खालचा माणूसच, कारण सॅम्पल घेणाऱ्याच्या जागी सही त्याची असते.

पोरीला सांगा, खोटे आकडे ओळखणं अवघड नसतं. मे आणि ऑगस्टचा पीएम १० सारखाच आला, किंवा बारा महिने ७८ ते ८२ च्या मध्येच नाचला, की तपासणारा पहिल्याच पानावर थांबतो. धूळ पावसात बसते, थंडीत जमिनीलगत कोंडते, उन्हाळ्यात वारा उडवते. आकड्यांत ऋतू दिसला नाही तर आकडा घरी बसून लिहिला आहे. आता बऱ्याच ठिकाणी हवा मोजायची यंत्रं ऑनलाइन आहेत, बोर्डाला थेट दिसतं. हाताने लिहिलेला तक्ता त्याच्याशी जुळावा लागतो.

स्वतःसाठी काय करायचं? सॅम्पलच्या जागी तारीख-वेळ आणि ठिकाण येईल असा फोटो. पानांना नंबर असलेली फील्ड डायरी, शाईने लिहिलेली. नमुना कोणाकडून कोणाकडे गेला त्याची पावती. वाईट रीडिंग आलं तर 'मर्यादेपेक्षा जास्त, कारण अमुक, उपाय तमुक' असं लेखी वर पाठवायचं आणि पोच ठेवायची. तोंडी 'आकडा बदल' म्हटलं तर 'सर, ईमेलवर टाका' म्हणायचं. ईमेल येत नाही, आणि विषय तिथेच संपतो. नोकरी जाईल का? एखाद्या ठिकाणी जाईलही. कॉन्ट्रॅक्टरकडे जाण्याची शक्यता जास्त, म्हणून सुरुवात तिथे नको असं मी म्हणतोय.

कापूसकोंड्या

हे बोलले तुम्ही खरं. आता डंपचं सांगा. २०२२ च्या जुलैत वर्धेले पूर आला तवा आमच्याकडचे लोकं म्हनत होते का नदीकाठी ओबीचे डोंगर उभे केले म्हनून पानी पसराले जागा नाही भेटली, अन् गावात शिरलं. कंपनीवाले म्हनते पाऊसच तेवढा पडला. खरं कोनाचं?

ओसीकर

पाऊस प्रचंड होता हे खरं, वरच्या धरणांतूनही पाणी सुटत होतं. पण नदी पसरते त्या पट्ट्यात भिंतीसारखं काही उभं केलं तर पाण्याची पातळी वरच्या बाजूला वाढणार, यात वाद घालण्यासारखं काही नाही. किती वाढली, हे सांगायला नदीचे आडवे छेद आणि पूररेषा लागते. चंद्रपूरला इरईच्या काठच्या डंपवरूनही हीच ओरड जुनी आहे.

भाचीच्या दृष्टीने हेच खरं काम आहे. झाडं लावण्यापेक्षा डंप कुठे टाकायचा ही पहिली लढाई, आणि ती ईआयएच्या टेबलावर लढली जाते. खाण सुरू झाल्यावर डंप हलवायला कोणी पैसा देत नाही. हायड्रोलॉजी (पाण्याचं शास्त्र) आणि जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) येत असेल तर त्या टेबलावर बसायला मिळतं. नसेल येत तर रोपवाटिकेचं रजिस्टर मिळतं.

माती तशीच. खाण उघडताना वरची काळी माती वेगळी रचून ठेवायची असते आणि शक्य तितक्या लवकर परत पसरायची. वर्षानुवर्षं ढिगात पडली की तिच्यातला जीव जातो. ती ओबीत मिसळली तर मग डंपवर पिवळी चिकणमाती, वालुकाश्माचे तुकडे आणि त्यात खड्डा करून लावलेलं करंजाचं रोप. पहिल्या उन्हाळ्यात काय होतं ते सांगायला नको. रोपं किती लावली यापेक्षा तिसऱ्या वर्षी किती जगली, हा आकडा मागा.

धंतोलीची

यात भर घालते. वरून आता उपग्रहही बघतो. वर्षाला कोळसा आणि माती मिळून ५० लाख घनमीटरच्या वर काढणाऱ्या ओपनकास्टचं पुनर्भरण आणि हिरवाई सीएमपीडीआय दरवर्षी उपग्रह-चित्रांवरून तपासते, लहान खाणींचं तीन वर्षांतून एकदा. ही चित्रं वाचता येणारी मुलं आम्हाला मिळत नाहीत. भाचीने क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिकावं, फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं.

वर्धाकाठ

एक शंका. कोळसा जाणार, सोलर येणार म्हणतात. मग ही पोरगी पन्नाशीला काय करणार?

ओसीकर

खाण बंद करायलाच माणसं लागणार आहेत भाऊ. २००९ पासून कोळसा खाणींना क्लोजर प्लॅन सक्तीचा आहे, त्यासाठी एस्क्रो, म्हणजे अडकवून ठेवलेल्या, खात्यात दरवर्षी पैसा टाकावा लागतो, आणि काम झाल्याचं तपासून मगच तो परत मिळतो. तपासणार कोण, दाखवणार कोण? यातलाच माणूस. खड्ड्यात राहिलेलं पाणी पिण्याजोगं आहे का, सिंचनाला देता येतं का, डंपवर काय पिकतं, राखेने खड्डा भरायचा तर भूजलाचं काय, हे प्रश्न कोळसा संपल्यावरच सुरू होतात. सावनेरला डब्ल्यूसीएलने इको पार्क केला आणि खाण पर्यटन सुरू केलं, गोंडेगावला ओबीतून वाळू काढतात. कौतुकाच्या या जागा मोजक्या आहेत. बाकी बंद खाणींभोवती साधं कुंपण नीट असलं तरी मिळवली.

कापूसकोंड्या

वर्धाकाठ भाऊ, पोरीले धाडा नागपूरले. शिकून येऊ द्या. अन् आमच्या ग्रामपंचायतीत ते ईसीचं पत्र सापडलं, इंग्रजीत हाये, चाळीसेक अटी. तिले सुट्टीत आली का वाचून द्याले सांगा. चहा आमच्याकडून.

वर्धाकाठ

नागपूरचंच ठरलं. जावई जरा नाराज आहेत, होतील ठीक. कन्सल्टन्सीने सांगितलं की डिसेंबरपासून बेसलाइनचं, म्हणजे खाणीआधीच्या परिस्थितीच्या मोजणीचं, फील्ड, राजुऱ्याकडे. पत्राचं तिला सांगितलं, दिवाळीत येते म्हणाली.

आता शेवटचं विचारतो. फील्डवर जाताना काय काय घ्यायचं? अन् खाणीत आत सोडतात का असंच?

धंतोलीची

असंच सोडत नाहीत. व्हिजिटर पास, हेल्मेट, रिफ्लेक्टरचं जॅकेट, स्टील टोचे बूट. जॅकेट-हेल्मेट साइटवर मिळतं, बूट मात्र स्वतःचे घ्या, दुसऱ्याच्या मापाच्या बुटात हॉल रोडवर चालणं होत नाही. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, दोन पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक. राजुऱ्याकडे डिसेंबरची पहाट चांगलीच बोचते, गच्चीवर यंत्राजवळ थांबायचं तर शाल हवीच.

ओसीकर

पुढे कधी खाणीतच नेमणूक झाली तर आधी व्हीटीसी, म्हणजे १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांखालचं प्रशिक्षण, आणि सुरुवातीची वैद्यकीय तपासणी. त्यात छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसांची फुंकर चाचणी होते. दोन्हींची प्रत मागून घरी ठेवायची. दवाखान्यातली फाइल कॉन्ट्रॅक्टर बदलला की सापडत नाही, आणि वीस वर्षांनी छातीत काही निघालं तर पहिला प्रश्न हाच येतो की रुजू होताना काय होतं.